वाटेवरचा चर आणि मानसशास्त्राची पदवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऊसतोड तोंडावर आली की आपल्या आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. शेताची वाट अडवल्यावरून हाणामारी, दोन्हीकडचे जखमी, परस्परविरोधी तक्रारी. गाव बदलतं, आडनावं बदलतात, बाकी मजकूर तोच. परवा अशीच बातमी वाचत ओसरीवर बसलो होतो. माझ्या पुतणीने पेपर हातातून घेतला आणि म्हणाली, "आप्पा, ह्या एका गोष्टीवर एका माणसानं सगळं आयुष्य घातलंय." त्या माणसाबद्दल आणि पुतणीच्या शिक्षणाबद्दल चार शब्द लिहितो. छापावेत ही विनंती.

पुतणी मानसशास्त्रात एम.ए. करते. भांडण पेटतं कशानं आणि मिटल्यावर मिटलेलं राहतं कशानं, हा तिचा आवडीचा विषय. गावात तिला विचारतात, "शिकून येड्यांच्या दवाखान्यात लागणार का?" लग्नाच्या बोलण्यांतही हा प्रश्न येतो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मीही विचारलं होतं की यात पोटापाण्याचं काय.

तो माणूस म्हणजे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच. जन्म १९२० चा, न्यूयॉर्कचा. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांवर दिशादर्शक होते. परत आले तेव्हा जगाने अणुबॉम्ब पाहिला होता आणि संयुक्त राष्ट्रसंघ नवा होता. सुरक्षा परिषदेतले देश एकमेकांना धरून चालले तर काय होईल आणि कुरघोडी करत बसले तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी पीएच.डी.ला घेतला. त्यांचे गुरू कुर्ट लेविन हे स्वतः हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले. देश काही प्रयोगशाळेत आणता येत नाहीत, म्हणून डॉइच यांनी कॉलेजच्या मुलांचे गट केले. काही गटांना सगळ्यांचे मिळून गुण, तर काही गटांत आपसात क्रम लावून, पुढच्याला जास्त आणि मागच्याला कमी. जिथे गुण सगळ्यांचे मिळून होते तिथली मुलं एकमेकांचं ऐकून घेत होती. दुसरीकडे जो तो आपलंच पुढं रेटत होता. ही मांडणी १९४९ साली छापून आली आणि पुढची जवळजवळ सत्तर वर्षं ते त्याच वाटेने चालत राहिले. २०१७ साली ९७ व्या वर्षी वारले.

पण मला पटलं ते दुसऱ्याच प्रयोगाने. पुतणीने ओसरीच्या फरशीवर खडूने दोन रस्ते काढले, काड्यापेटीच्या दोन ट्रॉल्या केल्या. १९६० साली डॉइच आणि रॉबर्ट क्राउस यांनी छापलेला हा खेळ. दोघांचे दोन ट्रक, एकाचं नाव अ‍ॅक्मी, दुसऱ्याचं बोल्ट. दोघांना समोरासमोरून जायचंय. जवळचा रस्ता मधे एकेरी, एका वेळी एकच गाडी. लांबून वळसा आहे, पण त्यात पदरचे जातात. खेपेला साठ सेंट मिळणार आणि जितके सेकंद लागतील तितके सेंट त्यातून कापले जाणार. अशा वीस खेपा. पहिल्या प्रकारात रस्ता मोकळा. थोड्या वेळात दोघं पाळी लावून जायला लागले आणि दोघांनाही फायदा झाला. दुसऱ्या प्रकारात एकाच्या हातात तो एकेरी रस्ता अडवायचं फाटक दिलं. दोघंही तोट्यात गेले. तिसऱ्यात दोघांच्याही हातात फाटक, आणि सगळ्यात मोठा तोटा तिथे. आपण म्हणतो, त्याच्याकडे हत्यार आहे तर माझ्याकडेही पाहिजे, म्हणजे तो दबून राहील. इथे झालं ते उलटंच. दुसऱ्या प्रकारात ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याचाही तोटा, दोघांकडे फाटक आल्यावर झाला त्यापेक्षा कमी होता!

खडू खाली ठेवून पुतणी म्हणाली, "हे आपलंच की ओ आप्पा."

खरंच आमचंच होतं. आमचं रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. रानातून डांबरीवर यायची वाट चुलत्यांच्या बांधावरून, जेमतेम एक ट्रॉली जाईल एवढी. विहीर सामाईक, पण मोटर आमच्या बाजूला. वडिलांचं आणि चुलत्यांचं बांध कोरण्यावरून वाजलं. एका रात्रीत वाटेवर आडवा चर निघाला, कमरेएवढा. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मोटरीच्या पेटीला कुलूप घातलं, त्यांची पाण्याची पाळी बंद. दोघांच्याही हातात फाटक आलं. त्या साली टोळी आली आणि चराशी गाडी उभी करून परत गेली. आमच्या उसाला तुरे आले, वजन गेलं, एप्रिलात कसाबसा डोक्यावरून बांध ओलांडून बाहेर काढला. त्यांचा खोडवा पाण्यावाचून जागेवर वाळला. मामलेदारांसमोर, मग प्रांतांकडे, मग दिवाणी कोर्टात अशी अकरा वर्षं गेली. तारखेला दोघं एकाच एस.टी.ने जायचे, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. माझ्या बहिणीच्या लग्नाला चुलत्यांच्या दाराला कुलूप होतं.

ते मिटवलं गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांनी वाट कुणाची हे एकदाही विचारलं नाही. दोन्ही घरांत वेगवेगळे जेवले. म्हणाले, मालकीचं कोर्ट बघून घेईल. तुम्ही एका हंगामापुरता चर बुजवा, तुम्ही एका हंगामापुरतं कुलूप काढा, दोन्ही एकाच दिवशी, माझ्यासमोर. मग दोघांना बसवलं, पण आधी बजावलं की मागचं काढायचं नाही, आपली ट्रॉली कधी जायची आणि त्याचं पाणी कधी सुटायचं एवढंच बोलायचं. पुतणी सांगते, क्राउस आणि डॉइच यांना पुढच्या प्रयोगांत हेच दिसलं. खेळणाऱ्यांना नुसती बोलायची मुभा देऊन फारसा फरक पडला नाही. दोघांना रास्त वाटेल असा प्रस्ताव कसा मांडायचा हे शिकवल्यावर पडला. आणि गुरुजी तिथेच थांबले नाहीत. पुढची सहा वर्षं तोड सुरू व्हायच्या आधी ते काठी टेकत रानात यायचे, वाट बघायचे, दोन्हीकडे चहा घ्यायचे आणि जायचे. हंगामापुरतं ठरलेलं ते तसंच चालू राहिलं. कोर्टातली केस दोघांनी मिळून काढून घेतली.

ही पुतणी म्हणजे त्याच चुलत्यांची नात, हे लिहायचं राहिलं.

आमचं मिटलं आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आबा अंजनीचे, बांधाचं भांडण काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गावोगाव समित्या झाल्या, खूप तंटे खरोखर मिटले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण समितीतल्या माणसांना भांडण कसं सोडवायचं हे शिकवणारं कुणी नव्हतं. ज्याच्या अंगात ते होतं त्याने केलं. बाकी ठिकाणी दोघांच्या सह्या घेतल्या, आकडा वर कळवला. बक्षीस आलं, कमान झाली, आणि सही केलेले दोघे पुन्हा भेटले का हे बघायला कुणी गेलं नाही. सरकारची २०२३ ची सलोखा योजनाही चांगली आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी फीत अदलाबदल करता येते. पण त्या कागदापर्यंत दोघांनी सोबत चालत जायला हवं ना! तिथवर आणायला माणूस लागतो.

हा माणूस तयार करणं हेच डॉइच यांचं आयुष्यभराचं काम. १९८६ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात त्यांनी त्यासाठी केंद्र काढलं. आता ते पीटर कोलमन हा त्यांचा विद्यार्थी चालवतो, आणि तिथले लोक भांडणांइतकाच शांत समाजांचाही अभ्यास करतात. मॉरिशस त्यातला एक. आपल्या मराठी माणसांचे वंशज जिथे कितीतरी भाषा-धर्मांच्या लोकांत राहतात आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते, तो मॉरिशस.

सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांची बहुतेक महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाखाली येतात. मानसशास्त्राच्या मुलांना प्रकल्प करावाच लागतो. तो प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा तहसील कचेरीत करू द्या. शेतरस्त्याच्या तारखांच्या दिवशी एक टेबल, तीन खुर्च्या, सोबत एखादे अनुभवी गुरुजी. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात परिसरातल्या रहिवाशांच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचं मंडळ त्यात सांगितलंय. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आणि विद्यापीठाने यंदाच्या हंगामाआधी हे मनावर घ्यावं, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. पुतणी आणि तिच्या तीन मैत्रिणी बिनपगारी बसायला तयार आहेत. त्यांना पुढे पगार मिळावा असंही मला वाटतं, कारण मोजणीदाराला मिळतो, वकिलाला मिळतो.

आपल्या वार्ताहराने कधी आमची वाट बघायला यावं. चर होता तिथे पावसाळ्यानंतर माती अजून बसते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या घरातून एक आणि चुलत्यांच्या घरातून एक ट्रॉली मुरूम तिथे पडतो. यंदाचा टाकायचा आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. वाळवा, जि. सांगली