खाडीच्या पाण्याचा नमुना ओहोटीला घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या खाडीचं पाणी ‘समाधानकारक’ असल्याचा अहवाल ग्रामसभेत नुकताच वाचून दाखवला गेला. मी लहानपणापासून या खाडीत तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणि कालवं काढत आले आहे. तासन्‌तास चिखलात उभं राहायचं हे काम, त्यामुळे पाणी बिघडलं की आधी आम्हा बायकांच्या अंगावर दिसतं. पोटऱ्यांना खाज सुटते, बारीकशी जखमही लवकर भरत नाही. नाल्याच्या तोंडाशी मेलेल्या, उघड्या पडलेल्या तिसऱ्यांचा खच असतो. खाजणात खोल खणलं की सडक्या अंड्यांसारखा वास पूर्वीही यायचा, तो गाळाचा धर्मच आहे. आता मात्र नुसता पाय ठेवला तरी तो येतो आणि वरचाच थर काळा निघतो. म्हणजे पृष्ठभागाजवळही प्राणवायू उरलेला नाही.

मग अहवाल चांगला कसा आला? चौकशी केली तेव्हा कळलं की नमुना भर दुपारी, भरतीच्या वेळी, जेटीच्या टोकावरून घेतला होता. भरतीला समुद्राचं पाणी आत शिरतं आणि नाल्याची घाण त्यात पातळ होते. वर दुपारच्या कडक उन्हाने पाण्यातले जंतू मरतात, त्यामुळे सकाळच्या मानाने दुपारी त्यांची संख्या कमी भरते. नमुना घेणाऱ्याने मुद्दाम असं केलं, असं मी म्हणत नाही. त्याच्या सोयीची वेळ ती असेल. पण आम्ही पाण्यात उतरतो ते ओहोटीला, आणि तेही नाल्याच्या बाजूला, कारण तिसऱ्या तिथेच आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे समुद्रात आंघोळ करण्याजोग्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू 100 पेक्षा जास्त नसावेत. आमच्या अहवालात हा आकडाच नव्हता, नुसता शेरा होता. शिंपल्यांच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. तिसरी दिवसभर पाणी गाळून त्यातलं अन्न घेते आणि पाण्यातले जंतू तिच्या अंगात साठत जातात. शांघायमध्ये 1988 साली दूषित शिंपल्यांमुळे सुमारे 3 लाख लोकांना कावीळ झाली होती. आमचा माल बाजारात जातो, म्हणून ही काळजी फक्त खाडीकाठच्या घरांपुरती नाही.

घाण येते ती बरीचशी सांडपाण्याची. काठाला घरं आणि पर्यटकांच्या खोल्या वाढल्या, पण सांडपाण्याची वाहिनी आली नाही. रेताड जमिनीत हातभर खाली पाणी लागतं. तिथे शोषखड्डा मैला गाळू शकत नाही, तो सरळ भूजलात आणि तिथून खाडीत उतरतो. पहिल्या जोरदार पावसात तर गटारांत साचलेलं सगळं एकदम वाहून येतं. त्या आठवड्यात नमुना घेतल्याचं आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही.

माझी विनंती आहे की पुढची तपासणी ओहोटीला, सकाळी, नाल्याच्या तोंडाशी व्हावी आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा व्हावी. नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला, हे अहवालात लिहिलेलं असावं. नमुन्याची जागा, वेळ आणि आकडे मराठीत लिहून जेटीवर फलक लावावा. काठावरच्या विहिरींचं पाणीही त्याच दिवशी तपासावं, कारण मुलं तेच पितात. जागा दाखवायला कुणी हवं असेल तर आम्ही बायका ओहोटीला तिथेच असतो.

– खाडीत तिसऱ्या काढणारी एक वाचक