पाकोळ्यांची गुहा : मित्रास पत्र

वेंगुर्ले,
एप्रिलअखेर

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार. पोर्ट ब्लेअरहून धाडलेले तुझे पत्र पोचले. जेमतेम 7 चौरस किलोमीटरच्या नारकोंडम बेटाखेरीज जगात कोठेही न आढळणारा तो धनेश, आणि पोलीस चौकीसाठी नेलेल्या शेळ्यांनी तेथे फस्त केलेली कोवळी रोपे, हे वाचून आपल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांची आठवण झाली.

गेल्या आठवड्यात, होड्या पावसाळ्यासाठी वर ओढण्यापूर्वी, त्या खडकांपर्यंत, म्हणजे वेंगुर्ला रॉक्सपर्यंत, जाऊन आलो. तेथल्या गुहेत शिरलो नाही, कारण सध्या पाकोळ्यांचा विणीचा हंगाम आहे. तोंडाशी होडी धरून ऐकत राहिलो. आतल्या मिट्ट काळोखात टिकटिक असा बारीक आवाज सतत येत होता. त्याच्या प्रतिध्वनीवर हे पक्षी वाट काढतात. मुखाशी कातळावर एक जुने घरटे दिसले: अर्ध्या वाटीएवढे, शेवाळ आणि पिसे लाळेने घट्ट चिकटवलेले.

तुमच्याकडच्या पाकोळीचे घरटे निव्वळ लाळेचे, पांढरे, परदेशात ते शिजवून त्याचे सूप करतात, म्हणून त्याला तेथे सोन्याचा भाव. आमचे एवढे शुद्ध नाही, तरीही 2001 च्या सुमारास या गुहेत चोरांनी बांबूच्या परांच्या उभारल्याचे उघड झाले आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले. आमच्या होडीच्या तांडेलाला त्या घरट्यांच्या सुपाचे सांगितले, तर तो म्हणाला, ‘‘लाळ शिजवून खातत? तिसऱ्यांचा सार काय वायट?’’

मला मात्र सर्वांत पटलेला मार्ग तुमच्या अंदमानातलाच आहे. सलीम अली पक्षीविज्ञान केंद्राचे दिवंगत रवी शंकरन यांनी वन विभागाच्या साहाय्याने, पूर्वी घरटी काढणाऱ्यांनाच गुहांचे राखणदार नेमले. पिल्ले उडून गेल्यावरच रिकामे घरटे काढावे, हा त्यामागचा हिशोब. ज्याला गुहेतील प्रत्येक कपार ठाऊक, त्याच्याहून चांगला पहारेकरी कोण मिळणार? केवळ बंदीचा फलक लावून हे साधले नसते, असे माझे मत आहे.

तेव्हा एक काम कर. सवड काढून अशा एखाद्या गुहेवर जा आणि तेथील राखणदाराला भेट. त्याचा पगार वेळेवर होतो का, एवढे विचारून मला कळव.

तुझा,
दत्ता