बाबांची सही कुठून आणायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी २९ वर्षे शिकवलं. ‘बाप घरात नाही म्हणून पोरं वाया जातात’ हे पालकसभेत इतक्यांदा ऐकलं, की एकदा बोलणं भाग आहे.

आमच्या भागात बाप बाहेर असणं नवीन नाही. कुणी सैन्यात, कुणी गोव्यात हॉटेलात नाही तर बांधकामावर, कुणी पुण्यात. गणपतीला आले तर आले. घर आई, आजी आणि चुलते चालवतात. अशा घरांतली कितीतरी मुलं चांगली निघालेली मी पाहिलीत. जिथं बिघडलं, तिथं बहुतेक वेळा आईच्या शब्दाला घरात किंमत नव्हती. सहलीला जायचं तर काकांना विचार, सायकल हवी तर बाबांना फोन. पोरगं ऐकेना की तिच्या हाती एकच उपाय उरतो: “लावू का बाबांना फोन?” मग वर्षातून दोनदा भेटणारा बाप पोराला नुसता धाक म्हणून माहीत होतो. याचं मला फार वाईट वाटतं.

शाळाही त्यात भर घालते. सातवीतल्या एका मुलाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली. मी हात उगारला होता. मग कळलं, भाताची लावणी सोडून त्याची आई दोनदा सहीला येऊन गेली होती, पदराला चिखल तसाच. दोन्ही वेळा तिला सांगितलं गेलं, “वडिलांचीच पाहिजे.” वडील गोव्यात.

१९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात मुलाचे पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असं आहे खरं. पण ‘नंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, वडील मुलाच्या देखभालीला नसतील तेव्हाही आईच पालक, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात लावला. शिक्षण खात्याने प्रत्येक शाळेला हे लेखी कळवावं. एसडीएमसीनेही, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीनेही, वर्षातली एक पालकसभा गणपतीच्या दिवसांत, बाप गावात असताना ठेवावी.

त्या सहीवाल्या मुलाचे वडील पुढे रोज रात्री फोन करायचे. मार्क विचारत नसत. “आज रानात काय केलास?” एवढंच. पोरगा अर्धा अर्धा तास बोलत बसायचा, म्हशीपासून बांधावरच्या खेकड्यांपर्यंत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव