बोटाला लागलंय, तेवढं भरून द्या

चि. बाळू यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. हे मी लिहिलेलं नाही, बोललोय. गणपतीत आला होतास तेव्हा मोबाईलमधलं माईकचं बटण दाखवून गेलास, तेच दाबून दुकानाच्या मागं बसलोय. मी पंपाच्या मोटारीचं 'वाइंडिंग' म्हटलं की हा 'वेडिंग' लिहितो. आईनं सुरुवात वाचली आणि विचारलं, कुणाच्या लग्नाची मोटार जळली? ती दुरुस्त करत बसलीय, तरी एखादं लग्न राहिलं तर समजून घे.

तुझा मेसेज तिनं मला वाचून दाखवला. ऑर्डरीत ५६ च्या जागी ६५ नग गेले, साहेब चारचौघांत बोलले, आणि तू म्हणालास, "सर, घाईत झालं." एकच मेल तीन-तीनदा वाचण्यात रात्रीचे साडेनऊ होतात. आता सगळं सोडून तासगावला दुकानात येतो म्हणतोस. ये की. दुकान तुझंच आहे, आणि उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की जळक्या मोटारींची रांग लागते, मला दोन हात हवेच आहेत. पण ते 'घाईत झालं' माझ्या डोक्यातून जाईना. सबबींच्या त्या धंद्यात मी तुझ्यापेक्षा तीस वर्षं जुना आहे.

बँकेत जाताना मी अंगठ्याला चिकटपट्टी लावून जायचो. "बोटाला लागलंय, तेवढं भरून द्या." स्लिप भरून मिळायची. स्टँडवर पाटी समोर असताना शेजारच्याला विचारायचं, "ही मिरजेचीच ना?" लग्नपत्रिका आली की "चष्मा घरी राहिला." तेव्हा मला चष्मा नव्हताच! आता खरंच लागलाय, तर कुणाला खोटं वाटत नाही. दुकानातली बिलं आई लिहायची. तिला वाटायचं, यांचे हात ग्रीसचे असतात म्हणून.

१९९८ साली पंपाच्या एका कंपनीचा माणूस आला होता. तालुक्याचं सर्व्हिस सेंटर तुम्ही घ्या म्हणाला. काम बघून आला होता, कुणाची ओळख नव्हती. सगळं बोलून झालं आणि त्यानं बॅगेतून फॉर्म काढले. दर आठवड्याला रिपोर्ट, प्रत्येक मोटारीचा कागद, कारणासकट. मी म्हटलं, "जागा अपुरी पडेल." तो म्हणाला, जागेचं बघू. मी म्हटलं, "नको, आपलं हेच बरं." पलीकडच्या गल्लीतल्यानं घेतलं. आज त्याचं तीनमजली आहे. त्याबद्दल माझा राग नाही, माणूस चांगला आहे. पण आई कित्येक वर्षं मला भित्रा समजत होती आणि मी समजू दिलं, कारण भित्रा म्हटलेलं मला अडाणी म्हटलेल्यापेक्षा सोपं वाटायचं.

आणि तुझ्यावर हात उचलला ती संध्याकाळ. तू चौथीत होतास. वहीत 'भ' च्या जागी 'म', 'घ' च्या जागी 'ध', 'सूर्य' मधला रफार भलत्याच अक्षरावर. मी दोन थोबाडीत दिल्या. आईला वाटलं अभ्यासासाठी. बाळू, ती वही माझी होती. तीच अक्षरं, तशीच. मला भीती वाटली आणि ती मी तुझ्या गालावर काढली. याची माफी मी आजवर मागितलेली नाही. ती मागतो.

तसं बघितलं तर आपली लिपीही थोडी खोडकरच आहे, बरं का. 'कि' मधली वेलांटी डोळ्याला 'क' च्या आधी दिसते आणि तोंडानं मागून म्हणायची. 'र' तर कधी डोक्यावर बसतो, कधी पायात अडकतो. इंग्रजीबद्दल तर न बोललेलं बरं.

तू आठवीत असताना, २०१५ ला, वाचायच्या त्रासाच्या तपासणीसाठी मुंबईला तीन हेलपाटे घातले ते तुला आठवत असतील. शेवटच्या दिवशी तपासणाऱ्या बाईंनी तुला बाहेर बसवलं आणि आम्हाला विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचायला त्रास होतो का?" आई म्हणाली, "नाही." मी वर पंख्याकडं बघत होतो. त्याचा कपॅसिटर गेला होता, मरतुकडा फिरत होता. मग मी म्हटलं, "मला." त्या म्हणाल्या, याला डिस्लेक्सिया म्हणतात, हे घराण्यात उतरतं. डोळ्यांचा दोष नाही, बुद्धीचाही नाही. कानावर पडलेला आवाज आणि कागदावरचं अक्षर यांची सांगड मेंदूत पटकन बसत नाही. वय वाढलं म्हणून जात नाही, पण वाटा काढता येतात. १८९६ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहून ठेवलंय, तेही त्यांनी सांगितलं. पोरगा हुशार, गणित चांगलं, पण स्वतःचं नाव 'प्रेसी' लिहायचा. त्याचे मास्तर म्हणायचे, सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा शाळेत सगळ्यात हुशार ठरला असता. मला त्या पोराला एकदा भेटावंसं वाटलं.

परतीच्या गाडीत आई कराडपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "ते सर्व्हिस सेंटर म्हणूनच नको म्हणालात?" मी हो म्हटलं. "मी लिहिले असते की रिपोर्ट," एवढंच बोलली आणि खिडकीकडं तोंड केलं.

आता तुझ्या ५६-६५ चं. माझंही झालंय. जुन्या कॉइलचे टर्न, म्हणजे तारेचे वेढे मोजले, भरले ६४, वहीत लिहिले ४६. तसंच गुंडाळलं. मोटार चालू करताच गुरगुरली, अँपिअरचा काटा सरसर चढला, हात लावला तर तापलेली. सगळी तार कापून पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर मी आकडा लिहिणं बंद केलं. गल्ल्यात चिंचोके ठेवले. दहा टर्नला एक चिंचोका डाव्या वाटीत, सुटे उजव्या वाटीत. डावीकडं सहा, उजवीकडं चार. चिंचोके उलटे वाचता येत नाहीत. जोडणी मी अक्षरात कधी लिहीत नाही, लाल, पिवळ्या, निळ्या पेन्सिलीनं चित्र काढतो, प्रत्येक फेजला एक रंग. त्या वह्या बघून डिप्लोमाची पोरं फोटो काढून नेतात. त्यांना वाटतं, ही शिकवायची काहीतरी खास पद्धत आहे!

तुझे चिंचोके काय, ते तू शोध. कंप्युटर मेल मोठ्यानं वाचून दाखवतो म्हणे, मग कानात घालून ऐक. ऑर्डरीतला आकडा दुसऱ्यानं एकदा बघावा, एवढं मागून घे. पण ते मागायचं तर कशासाठी ते सांगावं लागेल, आणि तिथंच आपलं घराणं अडतं.

वकीलसाहेबांची बोअरची मोटार दुरुस्तीला आली होती, तेव्हा त्यांना विचारून घेतलं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, आधीच्यात ७ होते. वाढलेल्यांत आपलंही आहे, 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या नावानं. (आपल्यासारख्यांना असलं जोडाक्षरांचं नाव देणाऱ्याला एकदा ते वाचायला लावलं पाहिजे.) जिथं २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत, त्या खासगी कंपनीनंसुद्धा दिव्यांगांना काय सोयी देणार हे जाहीर करायचं असतं आणि त्यासाठी एक अधिकारी नेमायचा असतो. तुझ्याकडं त्याहून जास्त माणसं आहेत. त्या अधिकाऱ्याचं नाव विचार. दहावीला जादा वेळ मिळाला तो दाखला कपाटात लाल फायलीत आहे, आई फोटो पाठवेल.

साहेब समजून घेतीलच असं मी म्हणत नाही. कुणी हसेलही. तू सांगून बघ, आणि नाहीच जमलं तर ये. पण चिकटपट्टी लावून येऊ नकोस. मला ती लगेच ओळखू येते.

उत्तर लिहू नकोस, बोलून पाठव. रात्री आठनंतर पाठव, तोवर दुकानात कंप्रेसर चालू असतो आणि मला दोनदा ऐकायला आवडेल.

तुझा,
पप्पा

ता. क. आई म्हणते दोन लग्नं राहिलीत. राहू दे.