तक्रार पत्र: एसीतील बिघाड न शोधता दर वेळी गॅस भरून पैसे घेतल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
ग्राहक सेवा विभाग

विषय: उभ्या गाडीत एसी थंड न होणे व कंप्रेसरची घरघर

महोदय,

माझी गाडी अजून वॉरंटीत आहे. उन्हाळा लागल्यापासून तिच्या एसीची एकच तक्रार मी तुमच्या जळगावच्या अधिकृत वर्कशॉपला सांगतो आहे आणि दर वेळी गाडी गॅस भरून, बिल हातात देऊन परत मिळते.

तक्रार साधी आहे. गाडी हायवेवर पळत असेल तर हवा बऱ्यापैकी गार येते. भुसावळला ट्रकच्या रांगेत अडकली किंवा वजनकाट्यासमोर थांबली, की पाच-सात मिनिटांत कोमट वारा सुरू. त्याच वेळी बॉनेटखालून जात्यासारखी घरघर येते. पंखा एकवर ठेवा की चारवर, आवाज तोच, म्हणजे तो ब्लोअरचा नाही. ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि एसीचे बटण बंद केले की तत्क्षणी थांबतो. पुलीचे बेअरिंग गेले असते तर एसी बंद असतानाही वाजले असते. हे सगळे मी काउंटरवर सांगितले. जॉबकार्डवर मात्र लिहिले गेले एवढेच: ‘कूलिंग कमी. गॅस भरला. ओके.’ आवाजाचा उल्लेख एकाही जॉबकार्डवर नाही. जे लिहिलेच नाही ते तपासणार कोण?

सुपरवायझर साहेबांचे म्हणणे, ‘भाऊ, आपल्याकडे ऊनच एवढं आहे, एसी तरी काय करील?’ मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो हे जळगाव जिल्ह्यात कुणी कुणाला सांगायची गरज नाही. पण गाडी इथे विकताना कंपनीलाही ते माहीत होतेच ना?

सावद्यात माझे केळीचे रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची थंड खोली आहे. तिथे १६ ते १८ अंश सांभाळावे लागतात, नाहीतर फण्यांचा रंग बिघडतो आणि व्यापारी माल बाजूला काढतो. त्यामुळे गेज आणि गॅस या गोष्टी मला अगदीच परक्या नाहीत. चेंबरचे काम बघणाऱ्या मिस्त्रीला दुपारी गाडी दाखवली. त्याने एसी लावून बॉनेट उघडले आणि पहिलाच प्रश्न केला, ‘कंडेन्सरचा पंखा का फिरत नाही?’ कंडेन्सर म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेला, एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग. गेज लावले तर हाय साइडचा, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या दाबाचा काटा ३५० पीएसआयच्या पुढे गेलेला. मग त्याने कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू ओतले. काटा खाली उतरला, घरघर मंदावली आणि आत डॅशबोर्डच्या जाळीतून गार हवा येऊ लागली. पाणी वाळले तसे पुन्हा पहिल्यासारखे झाले.

पळत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचे. तो फिरला नाही तर दाब चढतो, कंप्रेसरवर ताण येतो आणि थंडावा जातो. त्यात वरून आणखी गॅस भरला की दाब अजून वाढणार. तुमचे लोक टेस्ट ड्राइव्ह घेतात सकाळी, मोकळ्या हायवेवर. तिथे हा बिघाड दिसणारच नाही.

बिलात गॅसला ‘कन्झ्युमेबल’, म्हणजे वापरून संपणारी वस्तू म्हणून वॉरंटीबाहेर काढले आहे. एसीचे सर्किट बंद असते, त्यात गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, ती गळती शोधा. आणि कमी झालाच नसेल तर पैसे कशाचे घेतले? किती ग्रॅम भरला याचीही नोंद नाही, गाडीच्या बॉनेटखाली मात्र गॅसच्या वजनाचे लेबल चिकटवलेले आहे.

तेव्हा आतला सगळा गॅस मशीनने काढून त्याचे वजन लेबलशी ताडून पाहावे. पंख्याचा फ्यूज, रिले आणि मोटर तपासावी. गळती नायट्रोजनच्या दाबाने पाहावी आणि नंतर नीट व्हॅक्यूम करूनच लेबलप्रमाणे गॅस भरावा. चढ्या दाबाखाली चालून कंप्रेसरला इजा झाली असल्यास तो वॉरंटीत बदलून मिळावा, कारण गाडी त्या अवस्थेत ‘ओके’ म्हणून परत करणारे तुम्हीच आहात. गॅसपोटी घेतलेली रक्कम परत करावी. बिघाडाचे निदान लेखी हवे, फोनवर नको.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात मला हेलपाटे घालावे लागणार नाहीत, तुमच्या वकिलांना जळगावला यावे लागेल.

गाडी तपासणीसाठी आणायला मी तयार आहे. मात्र वेळ दुपारी तीनची द्यावी आणि गाडी उभी ठेवूनच, जाळीत थर्मामीटर लावून, माझ्यासमोर तपासावी.

आपला,
एक ग्राहक
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

सोबत: सर्व जॉबकार्ड व बिलांच्या प्रती, गेजचा फोटो, आवाजाचे रेकॉर्डिंग