सद्दामसारखी घाई नको, हाब्रेसारखं कोर्ट हवं

मा. संपादक, स.न.वि.वि.

सत्तेवरून हाकललेल्या हुकूमशहाचा खटला त्याच्याच देशात चालवायचा की नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात, हा वाद दर वेळी होतो. आमचा गुन्हेगार आम्हीच बघून घेऊ असं लोक म्हणतात आणि ती भावना मला समजते, पण इराकच्या सद्दाम हुसेनच्या खटल्याचं त्याच्याच देशात काय झालं ते आठवा. दुजैल गावातल्या 148 जणांच्या हत्येसाठी नोव्हेंबर 2006 मध्ये फाशी सुनावली आणि 30 डिसेंबरला लटकवलंसुद्धा. खटला चालू असताना बचावाचे वकील मारले गेले, मुख्य न्यायाधीश मध्येच राजीनामा देऊन गेले, पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच वेळी इराकमधल्या कुर्द लोकांना मारण्यासाठी काढलेल्या अन्फाल मोहिमेचा दुसरा खटला चालू होता, त्यात सद्दामच मुख्य आरोपी होता, आणि तो मेल्यावर त्याच्यावरचे आरोपच रद्द झाले. 1988 ला हलब्जा या कुर्द शहरात विषारी वायूने हजारो माणसं मेली, त्याचा तर निकाल त्याला कधी ऐकावाच लागला नाही. मग कुर्दांनी दाद मागायची कोणाकडे?

हेगलाही सगळं सुरळीत झालं असं नाही. युगोस्लाव्हियाचा माजी अध्यक्ष मिलोसेविचचा खटला 2002 ला उभा राहिला आणि 2006 च्या मार्चमध्ये तो निकालाआधीच कोठडीत मेला.

म्हणून मला पटतं ते आफ्रिकेतल्या चाड देशाचा हुकूमशहा हिसेन हाब्रेचं उदाहरण. 1990 ला पळून सेनेगलला गेला आणि वर्षानुवर्षं तिथे आरामात राहिला, पण त्याच्या जेलमधून जिवंत सुटलेल्या लोकांनी पिच्छा सोडला नाही. शेवटी आफ्रिकन युनियन आणि सेनेगलने मिळून सेनेगलची राजधानी डाकारला खास कोर्ट बसवलं, जज सेनेगलचे आणि अध्यक्ष बुर्किना फासोचे. हाब्रेला अक्षरशः उचलून कोर्टात आणावं लागलं, पांढरा फेटा आणि काळा गॉगल लावून तो गप्प बसून राहायचा आणि समोर तीच माणसं एकेक करून साक्ष देत होती, चाडच्या टीव्हीवरही ते दाखवलं गेलं. 2016 ला जन्मठेप झाली, फाशी नाही.

माझं म्हणणं एवढंच की कोर्ट पीडितांच्या जवळ असावं, जज नव्या सरकारच्या मुठीतले नसावेत आणि सगळे आरोप ऐकून होईपर्यंत आरोपीला जिवंत ठेवावं. हाब्रेच्या केसमध्ये भरपाईचा आदेश झाला पण पैशांसाठी पीडितांना पुढे कित्येक वर्षं ताटकळावं लागलं, ती सोय मात्र कोर्ट बसवतानाच व्हायला हवी.

- एक वाचक