मोहाखाली जाळ नको, जाळी हवी

संपादक महोदय,

मार्चमध्ये मोहफुलांचा हंगाम लागतो आणि त्याच्या मागोमाग जंगलात वणवे लागतात. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून झाडाखाली आग लावली जाते. साफ जमिनीवर वेचणी झटपट होते, हे खरे. पण राखेत पडलेले फूल काळवंडते, खाण्याजोगे राहत नाही आणि भाव पडतो. दरवर्षी झाडाची साल भाजून बुंधा पोकरतो. उगवलेली रोपेही त्याच आगीत जातात. गावोगावी मोहाची म्हातारी झाडे उभी आहेत आणि खाली एक रोप नाही, याचे हे मोठे कारण आहे.

बारीक विणीची जाळी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर खुंटांना बांधावी, मध्ये थोडा झोळ ठेवावा. रात्री आणि पहाटे गळणारी फुले आपोआप मधोमध जमतात. जाळी नसेल तर जुनी लुगडी जोडून अंथरावीत. तेही जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी खराट्याने पाचोळा लोटून खताच्या खड्ड्यात टाकावा.

फांद्या मात्र झोडपू नयेत. आपोआप गळतो तो फुलाचा रसाळ भाग. फळ धरणारे अंडाशय फांदीवरच राहते. त्यामुळे गळालेले फूल वेचल्याने टोळंबीचे, म्हणजे मोहाच्या फळा-बियांचे, पीक घटत नाही, झोडपल्याने घटते.

ताज्या फुलात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणी असते आणि साखरही भरपूर. ओला ढीग दुपारपर्यंत आंबू लागतो. म्हणून वेचल्याबरोबर स्वच्छ कापडावर पातळ थर पसरावा, दिवसातून दोनदा हलवावा, रात्री झाकावा. तीन-चार कडक उन्हांनंतर मुठीत दाबून पाहावे. गोळा झाला तर अजून ऊन हवे. कच्चे वाळलेले फूल पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. पुऱ्या, लाडू, मनुक्यासारखा वापर, सगळे या वाळवणीवर अवलंबून आहे.

जूनमध्ये टोळंबी तेलासाठी वेचताना चांगल्या झाडाच्या थोड्या बिया रोपांसाठी राखाव्यात. त्यांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, म्हणून ताज्याच पेराव्यात. सोटमूळ लांब जाते, पिशवी खोल घ्यावी. तेल काढून उरलेली पेंड गुरांना घालू नये; तिच्यातले सॅपोनिन विषारी असते.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोहफुलांसारख्या जंगलातल्या उत्पन्नावर, ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. वन विभाग आणि ग्रामसभांनी मिळून जाळ्या फेब्रुवारीतच घरोघरी पोचवाव्यात. एप्रिलमध्ये आलेली जाळी त्या वर्षी कामाची नसते.

– वनोपजाचा एक अभ्यासक, गडचिरोली